चिठ्ठी आणलीस का?

पावसाळा लागला की आमच्या शाळेतला हजेरीपट बदलतो. जून उलटला की प्रत्येक वर्गात पाच-सहा मुलं गैरहजर दिसायला लागतात. कुणाला थंडीताप, कुणाला खोकला, कुणाचं पोट बिघडलेलं. तीन-चार दिवसांनी मूल परत येतं, तोंड उतरलेलं असतं, आणि शिक्षकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चिठ्ठी आणलीस का?" पालकांची नाहीतर डॉक्टरांची. माझ्या नोकरीत हा प्रश्न मी हजारदा तरी विचारला असेल.

गेली काही वर्षं मी तो विचारत नाही. परवा शिक्षकांच्या खोलीत आमच्या एका नव्या सरांनी मला टोकलं, "मॅडम, तुम्ही चिठ्ठीच मागत नाही. मग पोरं थापा मारून दांड्या नाही का मारणार?" तास सुरू होणार होता, म्हणून मी हसून विषय टाळला. खरं उत्तर लांबलचक आहे, आणि त्याची सुरुवात टांझानियात होते. आज ते लिहून टाकते.

२०१९ च्या उन्हाळी सुट्टीत मी सहा आठवड्यांसाठी तिकडे गेले होते. एका स्वयंसेवी संस्थेला तिथल्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवायला शिक्षक हवे होते. पगार नाही, राहण्या-जेवणाची सोय त्यांची, विमानाचं तिकीट आपलं. माझं इंग्रजी काही फाडफाड नाही. मी उर्दू माध्यमात शिकले, बी.एड. केलं, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू आणि मराठी शिकवते. पण संस्थेच्या लोकांनी तिथली अडचण सांगितली आणि मला वाटलं, ही तर आपल्याच घरातली गोष्ट. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीतून चालतात. सातवी झाली की माध्यमिकला सगळे विषय एकदम इंग्रजीत. दहावीपर्यंत उर्दूतून नाहीतर मराठीतून शिकलेली आमची पोरगी अकरावी सायन्सच्या वर्गात पहिल्या दिवशी फळ्याकडे बघत बसते, तसंच हे. मी स्वतः तशी बसलेली आहे. असं बसल्यावर पोटात काय होतं ते मला माहीत होतं, आणि तेवढ्या भांडवलावर मी अर्ज केला.

घरी वाद झाला. त्या वर्षी रमजान मे महिन्यातच येत होता. अम्मी म्हणाली, "रमजान में घर छोड के कायकू जाती गे? पढाने कू हमारे इधर बच्चे नहीं क्या?" पहिल्या प्रश्नाला मी उत्तर दिलं, की शिक्षकाला सुट्टी मिळते ती मे महिन्यातच. दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. नवरा एवढंच म्हणाला, "जायचं ठरलंच आहे तर जा, तब्येत सांभाळ." मुंबईला जाऊन पीतज्वराची लस टोचून घेतली. मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या. रोज एक, तिथे असेपर्यंत, आणि परत आल्यावरही चार आठवडे. अम्मीने बॅगेत एक सोलापुरी चादर कोंबली. एवढ्या गरम देशात चादर कशाला म्हणून मी हसले होते.

टांगा हे शहर टांझानियाच्या उत्तर भागात, हिंदी महासागराच्या काठावर आहे. दारेसलामहून बसने सहा-सात तास लागले. माझी शाळा तिथून आत, मुहेझाच्या बाजूला होती. वाटेत घायपाताचे मळे, मग संत्र्याच्या बागा, लाल माती आणि रोजचा पाऊस. मार्च ते मे हा त्यांचा मोठा पावसाळा. मी एका विधवा बाईंच्या घरी राहायचे. त्यांना सगळं गाव बीबी म्हणायचं. स्वाहिलीत बीबी म्हणजे आजी.

भाषेची मला धास्ती होती, पण कान लवकर बसला. पुस्तकाला किताबू, पेनाला कलामू, साबणाला साबुनी, औषधाला दावा. चहाला चाय आणि चपातीला चपातीच. शिक्षकाला म्वालिमू, म्हणजे आपला मुअल्लिम. या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे मुळात शिक्षक होते, आणि त्यांना आजही सगळा देश म्वालिमू म्हणूनच ओळखतो. इफ्तारीला ते फुतारी म्हणतात, आणि सहरीला डाकू. पहिल्या रात्री बीबी दारावर टकटक करून "डाकू, डाकू" म्हणाल्या तेव्हा मी घाबरून उठले होते. वडीलधाऱ्यांना मुलं "शिकामू" म्हणतात, त्यावर मोठ्यांनी "मरहबा" म्हणायचं. सकाळी शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत माझे पन्नास-साठ मरहबा व्हायचे. मान सांगितली पाहिजे तर खरंच ताठ व्हायची.

आता माझी चूक. ती मी बराच काळ घरीसुद्धा सांगितली नव्हती.

डॉक्सिसायक्लिनची गोळी पोटभर खाऊन, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची असते. रमजान सुरू झाल्यावर मी ती सहरीला घ्यायला लागले. सहरीला माझं खाणं दोन घास. सकाळभर छातीत जळजळ, मळमळ, आणि पाणी प्यायची सोय नाही. ती इफ्तारीनंतर जेवून घेता आली असती. संस्थेच्या माणसाला फोन करून विचारता आलं असतं. मी यातलं काहीच केलं नाही. चार-पाच दिवस सोसलं आणि गोळी बंद करून टाकली. मनाला समजावलं, आपण लहानपणापासून डासांतच वाढलो, आपल्याला काय होणार. मच्छरदाणीत झोपायचे, पण तरावीहनंतर बीबीच्या ओट्यावर बायकांबरोबर उशिरापर्यंत बसायचे, आणि पहाटे सहरीला परत बाहेर यायचे. मलेरियाचा डास चावतो तो नेमका याच वेळेला. वर्गात डासाचं चित्र काढून हे मी स्वतः शिकवलेलं आहे.

सातवीच्या माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. बारीक, शांत, इंग्रजी वाचताना ओठांवर बोट ठेवणारा. तो चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला तेव्हा मी विचारलं, कुठे होतास? तो म्हणाला, "होमा." होमा म्हणजे ताप. मी माझ्या सवयीने हात पुढे केला आणि चिठ्ठी मागितली. चिठ्ठी नव्हती. मग मी त्याला तासभर उभं केलं. रागाने नव्हे, नियम म्हणून. परक्या देशात जाऊन मी आपला नियम लावला. वर्गातलं कुणी काही बोललं नाही. तो उभ्या उभ्याच शब्द लिहून घेत होता, वही भिंतीला टेकवून.

त्यानंतर आठवडाभराने मला ताप आला. दुपारी एकदम हुडहुडी भरली, मग अंग भाजायला लागलं, रात्री घाम फुटून उतरला. मला वाटलं, रोज्याचा थकवा, हवाबदल. इफ्तारीनंतर पॅरासिटामॉल घेतली. दुसऱ्या दिवशी रोजा ठेवला आणि शाळेत गेले. बीबीने कपाळाला हात लावला तर मी डोकं मागे घेतलं आणि "सालामा, सालामा" म्हणत निघाले, म्हणजे सगळं ठीक आहे. रात्री घरी फोनवर सांगितलं, थोडी सर्दी आहे. नवऱ्याने विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? मी हो म्हणाले. रोजा ठेवून खोटं बोललेली आहे मी.

असं का केलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. सहा आठवड्यांसाठी आलेली बाई तिसऱ्याच आठवड्यात झोपली, असं कुणी म्हणू नये हे एक कारण. दुसरं जास्त खोल होतं. आपण द्यायला आलो आहोत. या लोकांकडे आधीच कमी आहे. त्यांच्याकडून घ्यायचं कसं? ही भावना मला तेव्हा मोठी चांगुलपणाची वाटत होती. आज कळतं, त्यात मी त्यांना माझ्या बरोबरीचं मानतच नव्हते.

तिसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी फळ्याकडे वळून तारीख लिहिली. रोज इंग्रजीत लिहायचे, मुलं उतरवून घ्यायची. लिहून झालं तरी वह्यांची सळसळ ऐकू येईना. मागे वळले तर सगळा वर्ग फळ्याकडे बघत होता आणि काही मुलं उजवीकडून डावीकडे बोट फिरवत हळूहळू वाचत होती. अलिफ, जीम, काफ. मी उर्दूत लिहिलं होतं, 'आज की तारीख'. मदरशात जाणाऱ्या त्या मुलांना अक्षरं ओळखू येत होती. तारीख हा शब्द तर त्यांना कळलासुद्धा, स्वाहिलीत तारखेला तारेहे म्हणतात. त्यांना वाटलं, आज नवीन काहीतरी शिकवणार. मला मात्र मी काय केलं तेच उमगत नव्हतं. पुसायला डस्टर उचललं आणि फळाच तिरका झाला.

मी खाली बसले, की पडले, आठवत नाही. आठवतो तो मागच्या बाकावरचा मुलगा. तो बाकांवरून उड्या टाकत पुढे आला, माझ्या चेहऱ्याजवळ वाकला आणि वर्गाकडे बघून म्हणाला, "होमा." त्याने माझ्याकडे चिठ्ठी मागितली नाही. तो पळत मुख्याध्यापकांकडे गेला.

दोन बायकांच्या मध्ये बसवून मला बोडाबोडावरून, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवरून, गावातल्या दवाखान्यात नेलं. नर्सने बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर सोडला आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायला सांगितलं. पट्टीवर एक रेघ उमटली तर मलेरिया नाही, दोन उमटल्या तर आहे. दोन उमटल्या. नर्सने पाणी पुढे केलं. मी मान हलवली, माझा रोजा आहे. ती स्वतःही रोज्याने होती. ती माझ्याकडे बोट दाखवून दोनच शब्द बोलली, "म्सफिरी. म्गोन्जवा." पहिला शब्द लगेच कळला, मुसाफिर. दुसरा बीबीने हाताने दाखवला, आजारी. कुरआनात रोज्यातून सवलत आहे ती या दोघांनाच, आणि मी दोन्ही होते. पुढे रोजे भरून काढता येतात. हे मी शाळेतल्या मुलींना दरवर्षी सांगते. तिथे एका नर्सला ते मला सांगावं लागलं. मी पाणी प्यायले आणि रडले.

पाणी पोटात टिकलं नाही. उलट्या थांबेनात, बोलणं भरकटायला लागलं, म्हणून मला जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात पाठवलं. फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया होता, मेंदूपर्यंत जाऊ शकणारा. शिरेतून आर्टेसुनेटचं इंजेक्शन दिलं, बारा तासांनी दुसरं, चोवीस तासांनी तिसरं. त्या दीड-दोन दिवसांतलं मला तुकड्या तुकड्यांनीच आठवतं. हाडं वाजवणारी थंडी. अंगावर अम्मीची सोलापुरी चादर, तिच्यावर बीबीच्या दोन कांगा, म्हणजे तिकडच्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ती छापील कापडं. आपल्यासारखंच तिथेही रुग्णाजवळ घरचं माणूस लागतं, जेवण घरून येतं. माझं घरचं माणूस बीबी होत्या. त्या खाटेशेजारी जमिनीवर चटई टाकून झोपल्या आणि तशातही रोजे ठेवत राहिल्या. नंतर त्यांनी सांगितलं, तू सारखी कुणाला तरी हाका मारत होतीस, अम्मी, अम्मी. इंग्रजी शिकवायला गेलेल्या बाईकडे तापात इंग्रजीचा एक शब्द उरला नव्हता. उर्दूही नाही, मराठीही नाही. उरली होती ती आमची घरातली दखनी. बीबींना ती येत नव्हती, पण मी काय मागते हे त्यांना कळत होतं.

येणारं प्रत्येक माणूस म्हणायचं, "पोले, म्वालिमू." पोले या शब्दाला मराठीत नेमका शब्द मला अजून सापडला नाही. कुणाला ठेच लागली, कुणी आजारी पडलं, कुणी दमून आलं, की पोले म्हणतात. तुझं दुखतंय हे मला दिसतंय, एवढाच त्याचा अर्थ. पुरावा मागायचा नाही, सल्ला द्यायचा नाही.

घरी सोडताना चोवीस गोळ्या दिल्या. चार-चार, तीन दिवस, दोन वेळा, आणि दूध नाहीतर काही स्निग्ध खाऊन. पाकिटावर लिहिलं होतं, सकाळी दोन आणि रात्री दोन वाजता. मी रात्री दोनचा गजर लावायला निघाले तर बीबीने कपाळावर हात मारला. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सातला एक, आठला दोन. म्हणजे गोळ्या सकाळी आणि रात्री आठला. शहाण्या शिक्षिकेला घड्याळही नव्याने शिकावं लागलं.

आजाराने रिकामा वेळ पुष्कळ दिला, आणि मला जे वाचवत होतं त्याची माहिती मी तेव्हा गोळा केली. मलेरिया डासातून पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉसला मिळाला तो सिकंदराबादेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी. सोलापूरहून रेल्वेने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. ज्याचं रक्त पिऊन ते डास तपासले गेले, त्या रुग्णाचं नाव हुसेन खान. एका डासामागे त्याला एक आणा मिळत होता. रॉसला १९०२ साली नोबेल मिळालं. माझ्या शिरेत गेलेलं औषध ज्या आर्टेमिसिनिनपासून बनतं, ते शोधणाऱ्या चीनच्या तू यूयू यांना २०१५ साली नोबेल मिळालं. हुसेन खानबद्दल मात्र त्या आण्यांपलीकडे फारसं काही वाचायला मिळालं नाही.

बरी होत असताना वर्गातली मुलं घरी यायला लागली. बीबीच्या ओट्यावर बसून ती मला स्वाहिली शिकवायची, मी चुकले की खिदळायची. मागच्या बाकावरचा मुलगाही यायचा. एक दिवस मुख्याध्यापक आले तेव्हा मी त्यांना विचारलं, याला इतक्या लवकर कसं कळलं? ते म्हणाले, दोन वर्षांपूर्वी याची लहान बहीण होमानेच गेली. शेवटी शेवटी ती असंच काहीबाही बोलत होती. आणि परवाच्या त्या चार दिवसांत हा एकटाच नव्हता आजारी, त्याची आईही झोपून होती. दवाखान्यात दोघांना सायकलवरून त्यानेच नेलं.

त्या आईने चिठ्ठी कधी लिहायची होती?

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी त्याला म्हणाले, "समहानी." माफ कर. तेरा वर्षांच्या मुलाची माफी मागायला माझ्याकडे तेवढा एकच शब्द होता. तो लाजला, जमिनीकडे बघत म्हणाला, "हाकुना शिदा." काही अडचण नाही. मग त्याने वही उघडली आणि त्या दिवशी भिंतीला टेकवून लिहिलेले शब्द मला वाचून दाखवले. उच्चार तपासून घ्यायचे होते त्याला.

मी तिथे कामाचे असे तीन आठवडेसुद्धा भरले नाही. जून लागला, शाळेला सुट्टी झाली, ईद बीबीच्या घरी झाली, आणि मी परत आले. चादर तिथेच ठेवली, बीबींना ती फार आवडली होती. अम्मीला सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उस बूढी कू अल्ला सलामत रखे." सुटलेले रोजे मी त्या हिवाळ्यात भरून काढले.

बाहेर शिकवायला जाणाऱ्या तरुण शिक्षकांचे मला अधूनमधून फोन येतात. त्यांना मी सांगते, जरूर जा. पण डॉक्टरांनी दिलेली गोळी सोसत नसेल तर ती बदलून घ्या, बंद करू नका. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. परत आल्यावर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगा की कुठे जाऊन आलात. आणि ज्या घरात राहाल तिथे पहिल्याच दिवशी खरं बोलायची सवय लावून घ्या. तुमचं दुखणं लपवून तुम्ही त्यांचे कष्ट वाचवत नाही, वाढवता.

आणि नव्या सरांना उत्तर. हो सर, काही मुलं थापा मारतील. मारतातही. मागच्या महिन्यात एकाने ताप सांगून क्रिकेटची मॅच खेळली, मला दुसऱ्याच दिवशी कळलं. पण मी माझ्या तापावर विश्वास ठेवला नाही आणि त्या मुलाच्याही नाही, आणि या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच होतं, हे मला महागात पडून कळलं आहे. आता माझ्या कपाटात खडूच्या डब्याशेजारी थर्मामीटर असतो. मूल परत आलं की मी आधी जवळ बोलावते, कपाळाला हात लावते, घरात आणखी कोण आजारी आहे ते विचारते. मग हजेरी घेते. यात दोन मिनिटं जातात, आणि तेवढा तास उशिरा सुरू होतो.